शेअर ड्राइव्हवरच्या लाखभर जुन्या फाइलींना लेबलं लावताना

माझ्या टेबलावर फोनशेजारी एक दोनशे पानी वही असते. ‘मॅडम, त्या कास्टिंगची टीसी सापडत नाहीये’, ‘जुन्या ड्रॉइंगची रिव्हिजन बी हवीये, सी नको’, ‘प्रदूषण मंडळाचा कन्सेंट कुठल्या फोल्डरला टाकलाय?’ असे फोन दिवसभर येतात. (टीसी म्हणजे मालासोबत येणारं टेस्ट सर्टिफिकेट.) शेअर ड्राइव्हवरचा, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या सामाईक जागेतला, सगळा जुना माल शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या फाइली ठेवायच्या सिस्टीमवर न्यायचा आणि प्रत्येक फाइलीला नीट मेटाडेटा (फाइलीबद्दलची माहिती) लावायचा, हे काम माझ्या गळ्यात पडलं, त्या दिवसापासून मी हे प्रश्न जसेच्या तसे वहीत उतरवायला लागले. पहिल्याच मीटिंगला आयटीच्या मुलानं विचारलं, “मॅडम, कॉलम किती करायचे?” म्हटलं, चार आठवड्यांनी सांगते.

मी भोसरी एमआयडीसीतल्या, गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोल बघते. शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं. त्यामुळे मेटाडेटा हा शब्द ऐकला की मला कॅटलॉगचं लाकडी कपाट आठवतं: पुस्तक कपाटात एकाच जागी उभं असतं, पण त्याची कार्डं लेखकाच्या खणात असतात, विषयाच्या खणात असतात, नावाच्याही खणात असतात. फाइलींचं तसंच. फोल्डर ही एक जागा झाली. कॉलम म्हणजे कार्डं.

शेअरपॉइंट, अल्फ्रेस्को, डॉक्युमेंटम किंवा आणखी काही, साधन कुठलंही असलं तरी पुढचं बहुतेक काम तेच राहतं. मी शेअरपॉइंटवर केलं, म्हणून बटणांची नावं तिथली.

वही आधी, कॉलम नंतर

चार आठवड्यांनी वही उघडली. लेखक कोण, विषय काय, कीवर्ड कोणते, असं एकदाही कुणी विचारलेलं नव्हतं. लोक विचारतात ते असं: कुठल्या पार्टचं, कुठल्या पार्टीचं, कसला कागद, कधीचा, कुठली रिव्हिजन. एखादा मशीन नंबर विचारतो. बस.

हे आधी सांगते, कारण मीही पहिल्या दिवशी पुस्तकातूनच सुरुवात केली होती. डब्लिन कोअर म्हणून 15 घटकांचा एक प्रमाण संच आहे. 1995 साली अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावी भरलेल्या कार्यशाळेतून तो निघाला, पुढे आयएसओ 15836 हे आंतरराष्ट्रीय मानक झाला. ग्रंथालयाला उत्तम. पण त्यातला ‘निर्माता’ आमच्या ड्राइव्हवर तपासला, तर निम्म्या फाइलींचा निर्माता ‘ॲडमिन’ आणि उरलेल्यांचा ‘यूजर’ निघाला. वर्ड किंवा एक्सेलच्या फाइलीत लेखक म्हणून जे नाव येतं ते बऱ्याचदा त्या कॉम्प्युटरवर ऑफिस ज्या नावानं बसवलं त्याचं असतं. त्यावर यादी बेतणं म्हणजे वाऱ्यावरची वरात.

त्यापेक्षा आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन कामाला आले. कोलन वर्गीकरण या पुस्तकं लावायच्या पद्धतीत त्यांनी कुठल्याही विषयाचे पाच पैलू धरले: मूळ वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ, काळ. वहीतला प्रत्येक प्रश्न मी या पाचांत टाकून बघितला. पार्ट नंबर ही वस्तू, कच्चा माल हे द्रव्य, तपासणी की खरेदी की कॅलिब्रेशन (मापनयंत्रांची पडताळणी) ही क्रिया, प्लांट म्हणजे स्थळ, तारीख म्हणजे काळ. द्रव्याबद्दल वेगळं कुणीच विचारत नाही, ते पार्टवरून कळतं. म्हणून तो कॉलम गेला. शेवटी सात उरले: कागदाचा प्रकार, पार्ट नंबर, पार्टी कोड, कागदावरची तारीख, रिव्हिजन, प्लांट, आणि कधीपर्यंत ठेवायचं.

तुमच्याकडे सातच व्हायला हवेत असं नाही. पण दहाच्या वर जायला लागलात तर प्रत्येक जादा कॉलमला विचारा: वहीत हा प्रश्न कुणी विचारलाय? साहेबांनी मीटिंगमध्ये ‘हेही असू दे’ म्हटलेलं धरायचं नाही.

भरणं सक्तीचं किती ठेवायचं? मी फक्त ‘प्रकार’ सक्तीचा ठेवणार होते, पण तोही केला नाही. एक म्हणजे सक्ती केली की घाईतला माणूस यादीतलं पहिलं नाव निवडून मोकळा होतो, आणि चुकीचं लेबल रिकाम्या लेबलापेक्षा वाईट, कारण रिकामं निदान दिसतं तरी. दुसरं, शेअरपॉइंटच्या लायब्ररीत (तिथलं फाइली ठेवायचं दालन) सक्तीचा कॉलम असला की वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्याच साधनानं कॉम्प्युटरवर सिंक केलेली प्रत फक्त वाचण्यापुरती उरते. डिझाइनवाल्यांनी एका दिवसात माझं नाव काढलं असतं.

मोजदाद

आता ड्राइव्हवर काय काय आहे त्याची यादी. पॉवरशेल (विंडोजमधलं कमांड टाइप करून चालवायचं साधन) मधली गेट-चाइल्डआयटम ही कमांड, ‘रिकर्स’ जोडून चालवली की, सगळ्या फोल्डरांत शिरून प्रत्येक फाइलीचा पूर्ण पत्ता, नाव, साइज आणि तारखा देते. ते सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, काढायचं. काढताना एनकोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 सांगायला विसरू नका. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल 5.1 मध्ये ते सांगितलं नाही, तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते. ‘ग्रामपंचायत कर पावती’ आणि ‘कामगार करार’ दोन्ही सारखेच दिसायला लागतात.

तारखांबद्दल सावध. फाइल एका ड्राइव्हवरून दुसरीकडे कॉपी केली की ‘क्रिएटेड’ तारीख कॉपी केल्याच्या दिवसाची होते, ‘मॉडिफाइड’ मात्र जुनीच राहते. त्यामुळे बदलल्याच्या तारखेनंतर तयार झालेल्या फाइली तुम्हाला ढिगानं दिसतील. त्यात भुताटकी काही नाही, कधीतरी सर्व्हर बदललेला असतो. मी क्रिएटेड सोडून दिली, मॉडिफाइड आत्ताच वेगळ्या रकान्यात जपून ठेवली. पण खरी कामाची तारीख कागदावर छापलेली. सर्टिफिकेटवर 2013 असतं, स्कॅन 2016 चा असतो.

सीएसव्ही हातात आली की डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. ही चूक मी केली आणि दोन दिवस घालवले. ‘3-12’ हा ड्रॉइंग नंबर 3 डिसेंबर झाला, ‘00457’ चं 457 झालं, आणि ‘12ई5’ असा हीट नंबर (धातूच्या एका घाण्याचा नंबर) इंग्रजी ई असल्यामुळे एकदम बारा लाख झाला. वर सवयीनं सेव्ह पण केलं. एक्सेलच्या डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’नं आत घ्यायचं आणि सगळे रकाने टेक्स्ट करायचे. मूळ सीएसव्हीची एक प्रत कुलूपबंद ठेवायची.

एकसारख्या फाइली शोधायला नावावर जाऊ नका. प्रत्येक फाइलीचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, काढा (पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश). हॅश जुळला म्हणजे आतला मजकूर तंतोतंत एकच, नाव ‘फायनल’ असो की ‘फायनल नवीन 2’.

आणि इथे थांबा. डुप्लिकेट सापडल्या की हात शिवशिवतो, डिलीट मारून जागा मोकळी करावीशी वाटते. मी एका टीसीच्या तीन प्रतींपैकी दोन पुसायला निघाले होते, तेव्हा पत्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एक प्रत सप्लायरच्या फोल्डरमध्ये, एक पार्टच्या, एक ‘कस्टमर कम्प्लेंट’मध्ये. म्हणजे हा कागद कुणाकडून आला, कशाचा आहे आणि कुठल्या भानगडीत वापरला गेला, हे तीन वेगवेगळ्या माणसांनी कॉपी-पेस्ट करून आधीच सांगून ठेवलं होतं. एकाच खणाचं कपाट होतं, म्हणून त्यांनी पुस्तकाच्याच तीन प्रती काढल्या. तेव्हा आधी तिन्ही पत्ते एका ओळीत लिहून घ्या, त्यातून पार्टी, पार्ट आणि तक्रार क्रमांक काढून घ्या, मग दोन प्रती पुसा.

उलटी जात जास्त धोक्याची: नाव तेच, हॅश वेगळा. ती यादी वेगळी काढून ज्याच्या त्याच्या खात्याला द्या. ड्रॉइंगच्या बाबतीत तर यावर कुणाची तरी सही घ्या.

फोल्डर वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ मी इथे दिला आणि सगळ्यात जास्त मोबदलाही इथेच मिळाला. लोक म्हणतात जुनी फोल्डरं म्हणजे कचरा, सपाट करा आणि नव्यानं सुरू करा. पण ‘क्वालिटी > सप्लायर > टीसी > 2013-14’ हा पत्ता नीट वाचा. त्यात खातं आहे, प्रकार आहे, आर्थिक वर्ष आहे. ज्यानं ती फाइल तिथे टाकली त्यानं तेव्हाच अर्धं लेबल लावून ठेवलंय.

पत्ता एक्सेलमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’नं उलट्या तिरक्या रेषेवर फोडा. आता प्रत्येक पातळी वेगळ्या रकान्यात. पातळ्या सरळ रांगेत येतील ही आशा सोडून द्या. कुणी वर्ष आधी टाकलंय, कुणी पार्टी आधी. म्हणून पातळीवर नियम करू नका, शब्दावर करा. मी वेगळ्या शीटवर तीन रकान्यांची नियमावली केली: पत्त्यात हा तुकडा दिसला, तर या कॉलममध्ये, ही किंमत. ‘टीसी’, ‘टी.सी.’, ‘टेस्ट सर्ट’, ‘मिल सर्ट’ चारही दिसले की प्रकार ‘टेस्ट सर्टिफिकेट’. दोन नियम भांडले तर फाइलीच्या जवळचा तुकडा जिंकतो, कारण आतलं फोल्डर करणाऱ्या माणसाला त्या कागदाची जास्त माहिती असते. नियम आधी मोजक्या शब्दांचे करा, चालवा, रिकाम्या ओळींत वारंवार काय दिसतंय ते बघा, तोच पुढचा नियम.

पार्ट नंबर बहुतेक फाइलीच्या नावात असतो. आपल्या नंबरांचा साचा ठरलेला असेल तर सूत्रानं उचलता येतो. उचलल्यावर ईआरपीतल्या (कंपनीच्या खरेदी-उत्पादन-हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधल्या) पार्टच्या यादीशी जुळवून बघा. जो जुळत नाही तो नंबर नसून फोन नंबर किंवा तारीख असू शकते.

माणसांच्या नावाची फोल्डरं मात्र सूत्रानं सुटत नाहीत. आमच्याकडे निवृत्त झालेल्या एका साहेबांच्या नावाचं फोल्डर होतं, त्यात ‘लाल’, ‘निळं’ आणि ‘हिरवं’. काय असेल? मुलांनी बरेच तर्क लढवले. शेवटी मी साहेबांनाच फोन केला, रविवारी चिंचवडला त्यांच्या घरी गेले. चहा झाला. ते हसून म्हणाले, “अहो, कागदी फाइलींचे रंग होते ते! लाल म्हणजे कस्टमर रिजेक्शन, निळं म्हणजे चालू ड्रॉइंग, हिरवं म्हणजे टूलरूम.” हजारो फाइलींना एका ओळीत प्रकार मिळाला. कंपनीत अशी माणसं असतील तर ती निवृत्त व्हायच्या आधी त्यांच्याशी बसा.

नावांची एकच यादी

पार्टीचं नाव हाताने टाइप करू देऊ नका. एकाच पुरवठादाराचं नाव आमच्याकडे ‘श्री’चं इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारे, मागे ‘इंजिनिअरिंग’, ‘इंजिनिअर्स’ आणि ‘इंडस्ट्रीज’ असं मिळालं, त्यातले दोन खरोखर वेगळे निघाले. मी नाव सोडून ईआरपीचा व्हेंडर कोड धरला. जुन्या बिलांवरून खात्री करताना जीएसटी नंबर उपयोगी पडतो: 15 अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र 27), पुढची दहा म्हणजे त्या पार्टीचा पॅन. भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड झाली असेल तर पॅन बदलतो, नाव मात्र जवळपास तेच राहतं. तिथे फसू नका. 1 जुलै 2017 च्या आधीच्या बिलांवर जीएसटी नसतोच, तिथे व्हॅटचा टिन नंबर बघावा लागतो.

प्रकार, प्लांट आणि पार्टी या तीन याद्या मी टर्म स्टोअरमध्ये (शेअरपॉइंटमधली ठरलेल्या शब्दांची, म्हणजे टर्मची, मध्यवर्ती यादी) ठेवल्या, कॉलममध्येच पर्याय लिहून ठेवायच्या साध्या चॉइस कॉलममध्ये नाही. टर्मचं नाव एका जागी बदललं की जिथे जिथे लावलंय तिथे बदलतं. चॉइसमध्ये यादी बदलली तरी जुन्या फाइलींवर जुनंच नाव राहतं. शिवाय टर्मला पर्यायी नावं देता येतात. ‘एमटीसी’ (मिल टेस्ट सर्टिफिकेट) टाइप केलं की ‘टेस्ट सर्टिफिकेट’ सुचवतं, म्हणजे कुणाला आपली भाषा बदलावी लागत नाही. पार्ट नंबर मात्र साधा टेक्स्ट ठेवला. तो रोज नवा येतो.

प्रकारांची यादी चौसष्टवर सुरू झाली, तेवीसवर आली. दोन प्रकार एकच माणसं उघडतात आणि सारखाच काळ ठेवायचे असतात, तर ते एकच आहेत, ही माझी कसोटी. ‘इतर’ नावाचा प्रकार ठेवू नका. इतर ही विहीर आहे, त्यात पडलेलं वर येत नाही. त्याऐवजी मी ‘ठरायचंय’ ठेवला. शब्दच असा की तो कुणाला तरी काम लावतो.

मराठी कागदांची एक वेगळी अडचण सांगते, कारण परदेशी मार्गदर्शकांत ती नसते. कामगार करार, ग्रामपंचायतीचे अर्ज, तलाठ्याकडची पत्रं हे सगळं आमच्याकडे वर्षानुवर्षं युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात टाइप केलेलं. स्क्रीनवर छान मराठी दिसतं, फाइलीच्या पोटात मात्र रोमन अक्षरांचा गोपाळकाला. सर्चला ‘करार’ टाकलं तर ती फाइल जन्मात सापडत नाही. अशा कागदांना युनिकोडमध्ये टाइप केलेलं शीर्षक हाच एक दोर. तेच स्कॅनचं. टेसरॅक्ट हे फुकट मिळणारं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) मराठी वाचतं, छापील पत्र स्वच्छ असेल तर बऱ्यापैकी. शिक्क्याखालचा मजकूर आणि हाताने लिहिलेला जावक क्रमांक विसरा. तो माणसानंच वाचायचा.

दोनशे फाइलींची चाचणी

नियमावली सगळ्या ड्राइव्हवर चालवण्याआधी दोनशे फाइली काढा. नीटनेटक्या निवडू नका. एक्सेलच्या रँड सूत्रानं चिठ्ठ्या टाका. मग दोन माणसांनी, एकमेकांचं न बघता, हाताने लेबलं लावायची. मी आणि क्वालिटीतला एक मुलगा बसलो.

पुरवठादाराच्या प्री-डिस्पॅच इन्स्पेक्शन रिपोर्टवर आमचं वाजलं. मी म्हटलं इन्स्पेक्शन रिपोर्ट, तो म्हणाला टीसी, कारण गेटवर दोन्ही एकाच क्लिपला लावून येतात आणि स्टोअर्सचे काका त्याला टीसीच म्हणतात. कोण बरोबर हा वाद निरर्थक होता. दोघांनी वेगळं लेबल लावलं याचा अर्थ यादीतली व्याख्या कच्ची. अर्ध्या तासानं नियम सापडला: ज्या कागदावर हीट नंबर आणि रासायनिक घटकांची टक्केवारी आहे ती टीसी, ज्यावर मापं आहेत तो इन्स्पेक्शन रिपोर्ट, दोन्ही एकाच पीडीएफमध्ये असतील तर टीसी. ही ओळ टर्मच्या वर्णनात लिहून टाकली. असे अकरा वाद झाले, अकराही ओळी लिहिल्या. हाताने लावलेली लेबलं मग नियमावलीनं काढलेल्यांशी ताडून बघा. चुका बहुतेक एक-दोन ढोबळ नियमांत सापडतात.

चढवणं

कॉलम लायब्ररीत थेट करू नका, साइट कॉलम (सगळ्या साइटला मिळून एकच कॉलम) म्हणून करा आणि कंटेंट टाइपमध्ये (एका जातीच्या कागदाच्या कॉलमांचा संच) बांधा. नाहीतर प्रत्येक लायब्ररीत ‘पार्ट नंबर’ हा वेगळाच कॉलम होतो. सगळं एका लायब्ररीत कोंबू नका, कुणी बघायचं यावरून वेगळ्या करा. लायब्ररीत लाखो फाइली मावतात, पण एका व्ह्यूनं (गाळून दाखवलेल्या यादीनं) 5,000 च्या वर आयटम धुंडाळायचे म्हटलं की शेअरपॉइंट अडतं. त्यासाठी ज्यांवर गाळणी लावायची त्या कॉलमांना इंडेक्स (झटकन शोधण्यासाठीची सूची) लावा, आणि फाइली चढवायच्या आधी लावा. फाइलीचा पूर्ण पत्ता 400 अक्षरांच्या आत हवा. फोल्डरात फोल्डर करणाऱ्यांची परीक्षा इथे होते.

ब्राउझरमधून ओढून टाकलं तर सगळ्या फाइलींची बदलल्याची तारीख आजची होते. मायक्रोसॉफ्टचं मायग्रेशन टूल जुन्या तारखा जपतं, ते वापरा.

लेबलं भरायला दोन वाटा. शे-दोनशे फाइली असतील तर ‘एडिट इन ग्रिड व्ह्यू’: एक्सेलसारखं कोपरा धरून खाली ओढा. हजारांत असतील तर तुमची शीट आणि पीएनपी पॉवरशेलची (शेअरपॉइंटसाठीच्या पॉवरशेल कमांडचा संच) स्क्रिप्ट. त्यात अपडेटचा प्रकार ‘सिस्टम अपडेट’ ठेवायचा, म्हणजे बदलणाऱ्याचं नाव आणि तारीख जुनीच राहते, नवी व्हर्जनही तयार होत नाही. पहिल्या खेपेला हे आमच्याकडून राहिलं. पुढच्या आठवड्यात ग्राहकाचे ऑडिटर आले, स्क्रीनवर 2012 ची ड्रॉइंगं उघडली आणि चष्मा वर करून म्हणाले, “मॅडम, हे सगळं तुम्ही मंगळवारी बनवलंत?” चारशे ड्रॉइंगांसमोर माझंच नाव. जुनी तारीख मोजदादीच्या शीटमध्ये जपली होती म्हणून वाचले. त्यावरून परत भरून घेतली.

स्क्रिप्ट पाचशेच्या तुकड्यांनी चालवा, प्रत्येक तुकड्यानंतर दहा फाइली उघडून डोळ्यांनी बघा. टर्मचं नाव चुकलं तर स्क्रिप्ट अडखळते, ते चांगलंच आहे. साइटची रिजनल सेटिंग्ज भारताची करून घ्या. ती अमेरिकेची राहिली तर 03/04/2019 ही तारीख गुपचूप 4 मार्च होते आणि 13 तारखेपासून पुढच्या चुका तेवढ्या दिसतात.

अजून एक. वर्ड-एक्सेलच्या फाइली कॉलममधली माहिती आपल्या पोटातही घेऊन फिरतात, पीडीएफ तसं करत नाही. ती डाउनलोड करून मेल केली की लेबल मागेच राहतं. म्हणून मेटाडेटा लावला तरी फाइलीच्या नावात पार्ट नंबर आणि तारीख असू द्या. एका लायब्ररीतून दुसरीकडे हलवताना तिथे तेच कॉलम आहेत ना ते बघा, नसतील तर लेबलं गळून पडतात.

कधीपर्यंत ठेवायचं

हा कॉलम वहीत नव्हता, तो मी माझ्या अधिकारात घातला. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 प्रमाणे हिशोबाची पुस्तकं मागच्या आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. जीएसटीची, वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने. या दोन्हींना सूत्र लागतं. पीपीएपीचं, म्हणजे नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेतानाच्या कागदांचं, तसं नाही. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाप्रमाणे पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसला चालू असेपर्यंत, अधिक एक कॅलेंडर वर्ष. म्हणजे आज तारीख लिहिताच येत नाही. अशांना तारीख रिकामी ठेवली आणि ईआरपीत पार्ट बंद झाला की भरायची असं ठरवलं. तुमच्या सीएंना आणि कंपनी सेक्रेटरींना विचारून घ्या. ग्राहकाचा करार बऱ्याचदा कायद्यापेक्षा जास्त वर्षं मागतो.

कशाला लेबल लावायचं नाही

सगळ्याला नाही. वहीत पीपीएपी, टीसी, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आणि ड्रॉइंग यांचेच प्रश्न भरून वाहत होते, त्यांना सातही कॉलम. दसऱ्याच्या पूजेचे फोटो, जुन्या सॉफ्टवेअरचे बॅकअप, मशीन बसवतानाचे व्हिडिओ यांना अख्ख्या फोल्डरला मिळून प्रकार, प्लांट आणि वर्ष. पुढे येणाऱ्या फाइलींसाठी फोल्डरवर कॉलमच्या डिफॉल्ट किमती लावता येतात, म्हणजे टीसीच्या फोल्डरमध्ये टाकलेली फाइल आपोआप टीसी होते. आधीपासून पडलेल्यांना ते लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. एकदा हाताने भरावंच लागतं. आणि हो, मी थोडी फोल्डरं ठेवली आहेत. काही लोकांना हातानं ठेवल्याशिवाय ठेवल्यासारखं वाटत नाही.

व्ह्यूंना नावं प्रश्नांची द्या. ‘फिल्टर्ड व्ह्यू 2’ कुणी उघडत नाही. ‘या महिन्यात संपणारी कॅलिब्रेशन’ आणि ‘चालू रिव्हिजनची ड्रॉइंगं’ उघडतात. स्टोअर्सच्या काकांना गाळण्यांची भाषा शिकवायला मी दोनदा बसले, नंतर त्यांच्या डेस्कटॉपवर तीन शॉर्टकट करून दिले. त्यांचे फोन बंद झाले.

शुक्रवारी चार वाजता मी ‘ठरायचंय’चा व्ह्यू उघडते, अर्धा तास. सध्या त्यात नऊ कागद आहेत. आठांचं काहीतरी होईल. नववा एक स्कॅन आहे: चहाच्या कपाचा गोल डाग, बॉलपेननं ‘अत्यंत महत्त्वाचे’ असं दोनदा अधोरेखित केलेलं, खाली 38.5 हा आकडा आणि कुणाची तरी वाचता न येणारी सही. तारीख नाही, पार्ट नाही. चिंचवडच्या साहेबांनाही दाखवला, त्यांनाही ओळखता आला नाही.